ड्रॅग रेसला पहिल्यांदा गाडी नेताय? आधी ब्रेक उघडून बघा

मुंबईत गाडीचा नाद लागलेला मुलगा ड्रॅगला, म्हणजे उभ्या गाडीतून सुटून सरळ पट्टीवर ठरावीक अंतर कोण आधी कापतो त्या शर्यतीला, उतरायचं ठरवतो तेव्हा त्याची खर्चाची यादी जवळपास ठरलेली असते: एअर फिल्टर, एक्झॉस्ट, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), आणि पैसे उरलेच तर टायर. ब्रेक त्या यादीत नसतात. रोज सायन ते अंधेरी जाताना लागतात, तसे तिथेही लागतील असं आपण धरून चालतो.

पहिल्या वर्षी मीही तसंच धरून चाललो होतो. धावपट्टीवर दुसऱ्या रनच्या शेवटी पेडल दाबलं आणि ते नेहमीच्या जागी थांबलंच नाही. ओल्या गादीवर पाय ठेवावा तसं खाली खाली जात राहिलं. मी दोनदा पंप केलं, तिसऱ्या वेळी ब्रेकने पकड घेतली. समोर जागा होती म्हणून गाडी पट्टीवरच थांबली. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की महिन्याभरापूर्वी ज्या गॅरेजात गाडी दिली होती, तिथे पावसाळाभर झाकण सैल राहिलेल्या डब्यातलं ब्रेक ऑइल माझ्या गाडीत ओतलं होतं. त्या दिवसापासून मी गाडीची तयारी ब्रेकपासून सुरू करतो, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो.

रस्त्यावर चालणारी साधी हॅचबॅक किंवा सेडान घेऊन, आयोजकांनी बंद केलेल्या पट्टीवर, हेल्मेट घालून, तपासणी करून घेऊन जो पळणार आहे त्याच्यासाठी हे लिहिलंय. मध्यरात्री बीकेसीत, पाम बीच रोडवर किंवा कोस्टल रोडवर पळणाऱ्यासाठी नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. शिवाय या लेखातला सगळा हिशेब समोर रिकामी जागा आहे या एकाच गृहीतकावर उभा आहे, आणि मुंबईच्या रस्त्यावर ती कधीच नसते.

आधी थांबण्याचा हिशेब

ड्रॅगचं नेहमीचं अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, आणि ते संपतं तिथे शेवटची रेघ. साधी पेट्रोल हॅचबॅक ही रेघ ओलांडते तेव्हा काटा ताशी १२५-१३० किलोमीटरच्या आसपास असतो. तेच अंतर तेरा सेकंदांत कापणारी तयार केलेली गाडी त्याच रेघेवर १७० च्या घरात असते. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते. म्हणजे ९० ला जे ब्रेक तुम्हाला उत्तम वाटतात, त्यांच्यावर १८० ला चौपट काम पडतं.

अंतराचं बघू. डांबर कोरडं, टायर चांगले, ब्रेक ठणठणीत असं धरलं, तर जोरात ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला वेग साधारण ७ मीटर प्रति सेकंदाने उतरतो. या हिशेबाने १६० वरून थांबायला १४१ मीटर लागतात, १८० वरून १७९ आणि २०० वरून २२०. यात तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर यायचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तर १८० ला आणखी ५० मीटर गेले, म्हणजे २२९. आता पट्टीवर धूळ आहे, पेडल मऊ आहे आणि ब्रेक निम्म्यानेच लागतोय असं धरा. तेच अंतर ४०० मीटरच्या पुढे जातं. जेवढं पळालात तेवढीच जागा थांबायला! पहिल्या रनआधी आयोजकांना विचारायचा पहिला प्रश्न हाच: रेघेनंतर किती मीटर आहेत, आणि ते संपल्यावर पुढे काय आहे?

हा प्रश्न जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांनाही सुटलेला नाही. २१ जून २००८ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या पट्टीवर स्कॉट कॅलिटा या अनुभवी रेसरच्या गाडीचं इंजिन रेघेजवळ फुटलं, पॅराशूटने गाडी आवरली नाही आणि ती थांबायची जागा ओलांडून पुढे गेली. त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या संघटनेने सर्वांत वेगवान दोन वर्गांची शर्यतच पाव मैलावरून १,००० फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरवर आणली. इतका मोठा खेळ, इतकी जुनी परंपरा, आणि अंतर कमी केलं ते थांबायला जागा मिळावी म्हणून.

उष्णतेचाही अंदाज असू द्या. १,२०० किलोची गाडी १८० वरून थांबवताना सुमारे १५ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तिचा सत्तर टक्के वाटा पुढच्या चाकांवर जातो असं धरलं आणि पुढची एकेक डिस्क सहा किलोची असेल, तर एका थांबण्यात डिस्क १८० अंशांनी तापते. पृष्ठभाग त्याहून जास्त. ती थंड व्हायच्या आत पुन्हा रांगेत लागलात तर पुढचा रन तिथूनच वर चढतो.

चार आठवडे आधी: चारही चाकं काढा

सपाट जागा बघा. सोसायटीच्या उतारावर हे काम करू नका. उलट बाजूच्या चाकांना अडण लावा, जॅकने गाडी उचला आणि लगेच स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, मग काम दोन मिनिटांचं असो.

चाक निघालं की आधी डिस्क बघा. बहुतेक डिस्कवर कडेला किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियरने मोजा. आकड्याच्या खाली असेल तर बदला, जवळ आली असेल तरी रेसआधी बदला, कारण पातळ डिस्क लवकर तापते. नखाला लागणारी भेग दिसली तर ती डिस्क भंगारात. एरवी चालत असलेल्या डिस्कला हलकं करायला भोकं पाडून आणणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. ओतीव लोखंडात मागाहून पाडलेल्या भोकापासूनच भेग सुरू होते.

पॅड रोजच्या वापराला तीन मिलिमीटरपर्यंत चालतात असं गॅरेजवाले सांगतात. रेसला निम्म्याहून जास्त शिल्लक असलेलेच पॅड न्या. पातळ पॅडमधून उष्णता सरळ कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड बघा. एक झिजलाय आणि दुसरा जाडजूड असेल तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत.

आणि मुंबईत त्या अडकतातच. वर्सोव्याला किंवा वरळीला समुद्राजवळ उभी राहणारी गाडी असेल, किंवा जुलैत हिंदमाता नाहीतर मिलन सबवेच्या पाण्यातून गेली असेल, तर पिनांचं रबर फाटून आत गंज धरलेला सापडण्याची शक्यता मोठी. पिना बाहेर काढा, स्वच्छ करा, रबर नवं टाका आणि ब्रेकसाठी मिळणारं जास्त तापमानाचं ग्रीसच लावा. साधं ग्रीस रबराला फुगवतं.

मग होज. रबरी नळी हातात धरून वाकवा आणि बारीक तडे आहेत का बघा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून नळी टायरला किंवा रिमला घासत नाही ना, ते तपासा. रुंद रिम लावले असतील तर हे विसरूच नका. पाच वर्षं झालेल्या रबरी होज मी न बघताच बदलतो. स्टीलच्या जाळीची होज दाब आला तरी फुगत नाही, म्हणून पेडल कडक लागतं. टाकायची तर चारही चाकांना, आणि बोल्टखालचे तांब्याचे वॉशर नवे. गाडीखालून मागे जाणारी लोखंडी पाइपलाइन टॉर्च लावून शेवटपर्यंत बघा. क्लिपखाली, जिथे चिखल साठतो, तिथे ती आतून कुजते.

सामानाबद्दल एक स्पष्ट सांगतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर आरसे, बंपर, दरवाजे खुशाल जुने घ्या. पॅड, होज, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलवर दाब देणारा भाग) आणि डिस्क मात्र नवे, सीलबंद, बिलासह. ब्रेकमध्ये वाचवलेले दोन हजार मला कधीच परवडले नाहीत.

ब्रेक ऑइल: इथे वेळ द्या

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, तो त्याचा गुणधर्मच आहे. आणि जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत ओलीची कमतरता नसते. ओल मुरली की ऑइल कमी तापमानाला उकळतं. उकळलं की वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि चाकाशी काहीच पोचत नाही. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

आकडे लक्षात ठेवा. डॉट ही बाटलीवर लिहिलेली ब्रेक ऑइलची प्रत. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळायला नको, आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे ओल धरलेल्या डॉट ५.१ पेक्षा ताजं डॉट ४ चांगलं. महागाचं ऑइल घेऊन ते दोन वर्षं ठेवण्यापेक्षा साधं डॉट ४ दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदला. ड्रॅगचे कार्यक्रम बहुतेक थंडीच्या दिवसांत होतात, त्यामुळे वेळ आपोआप जुळते.

डॉट ५ हे नाव मात्र फसवं आहे. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या (जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांसाठी नसतं. डॉट ५ आणि डॉट ५.१ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुकानात घाईत बाटली उचलू नका.

बाटली लहान घ्या, अर्ध्या लिटरची. मिस्त्रीकडे स्वतः घेऊन जा आणि सील तुमच्या डोळ्यांसमोर फुटू द्या. काम झाल्यावर उरलेलं ऑइल पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलून येतो.

हवा काढणं

हे काम दोन माणसांचं आहे. आमचे भांडुपचे मिस्त्रीकाका चाकाशी बसतात, मी पेडलवर. निपलवर (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं नवं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं, हातात रिंगपाना.

"दाब. दाब. दाब. आता धर."

मी धरतो. काका पाना पाव फेरा फिरवतात आणि माझ्या पायाखालचं पेडल हळूच खाली जातं.

"सोडू नकोस हां, मी सांगेपर्यंत."

नळीतून आधी चहाच्या रंगाचं ऑइल येतं, मग त्यात मोहरीएवढे बुडबुडे. निपल घट्ट होतो. "सोड." पुन्हा तेच. आठव्या-दहाव्या वेळी नळीतलं ऑइल मधासारखं स्वच्छ दिसायला लागतं, तरी काका थांबत नाहीत. बुडबुडा न येता सलग तीन वेळा झालं की मगच पुढचं चाक.

घाई झाली की चूक इथेच होते: निपल उघडा असताना पेडल सोडलं, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वरची टाकी रिकामी होऊ देणं. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी भरा. आणि जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोज पेडल जिथवर जात नाही त्या भागात मास्टर सिलिंडरला आतून गंज असतो, आणि पेडल तळाला गेलं की सील त्या गंजावर घासून फाटतात.

क्रम साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी वाटलेली असते, पुढचं एक आणि त्याच्या कर्णावरचं मागचं. अशा गाडीचा क्रम कंपनीच्या पुस्तकात वेगळा असू शकतो, आणि पुस्तकात असेल तोच धरायचा. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली असेल तर ती काढायला स्कॅनर लागतो. ते काम घरी होत नाही.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबा आणि तीस सेकंद धरा. हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे सील आतून गेले आहेत. ती गाडी रेसला न्यायची नाही. तिथपर्यंत रस्त्यानेही नाही.

कोणते पॅड, आणि ते बसवल्यावर काय करायचं

इथे नवखे लोक मोठ्या सर्किटवर पळणाऱ्यांचं ऐकून चुकतात. सर्किटवर प्रत्येक वळणाला ब्रेक लागतो, पॅड सतत तापलेले असतात, म्हणून तिथे गरम झाल्यावरच पकडणारे रेसिंग पॅड चालतात. ड्रॅगमध्ये तसं नाही. तुम्ही रांगेत उभे राहता, थंड ब्रेकने सुटता आणि पहिलाच ब्रेक सर्वांत जास्त वेगावर लावता. तेव्हा तुम्हाला थंड असतानाच चावणारा पॅड हवा. रस्त्यावर आणि थोड्या जोरकस वापराला बनवलेले चांगल्या कंपनीचे पॅड नवख्यासाठी पुरेसे आहेत.

नवे पॅड घेऊन सरळ रेसला जाऊ नका. आधी ते डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. रविवारी सकाळी औद्योगिक वसाहतीतला एखादा रिकामा, सरळ रस्ता बघा. आरशात मागे कोणी नाही याची खात्री करून ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा. मग दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता गाडी फिरवा म्हणजे डिस्क वाऱ्याने थंड होईल. गरम डिस्कवर पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा थर एकाच जागी छापला जातो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात.

बूस्टर, वजन, टायर

बूस्टर म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग. त्याची तपासणी एका मिनिटाची. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय दाबूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर ठीक. टर्बो बसवला असेल किंवा कॅम बदलला असेल तर व्हॅक्यूमच्या नळीतला एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह खास बघा. तो गळत असेल तर ऐन वेळी बूस्टर रिकामा असतो आणि पेडल दगडासारखं लागतं.

वजन कमी करायला मागची सीट, स्टेपनी आणि जॅक काढून ठेवायची पद्धत आहे. वेळ थोडा सुधारतो, खरं आहे. पण मागचा भाग हलका झाला की जोरात ब्रेक लावताना मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडीची शेपटी फिरते. नवख्याने पहिले दोन-तीन कार्यक्रम गाडी आहे तशीच पळवावी असं माझं ठाम मत आहे. डिकीतलं सुटं सामान मात्र सगळं बाहेर. सीटखालची पाण्याची बाटली तर आधी काढा: ब्रेक लावताच ती पुढे घरंगळते आणि पेडलखाली अडकते. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटही काढा.

एबीएसचा फ्यूज काढायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. ऐकू नका. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला कोणी फारसं जात नाही, तिथे वाळू आणि बारीक खडी असते, आणि तिथेच तुम्ही ब्रेक लावता.

टायरच्या बाजूवर वेगाचं अक्षर असतं. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. तुमच्या वेगापेक्षा वरचं अक्षर हवं. चार आकडी तारखेत पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपूर्वीचा टायर मी लावत नाही. पुढे बारीक टायर लावून वजन वाचवणाऱ्या परदेशी गाड्यांचे फोटो बघून तसं करू नका. ब्रेकचं मोठं काम पुढचेच टायर करतात.

पॅराशूट अजून तुमचा विषय नाही. अमेरिकन नियमांत ते ताशी १५० मैल, म्हणजे २४१ किलोमीटरपासून सक्तीचं होतं. तिथे पोचाल तेव्हा ते चेसिसला योग्य उंचीवर बांधून देणारा जाणकार आधी शोधा.

बर्नआउट आणि हॅण्डब्रेक

टायर तापवायला बर्नआउट करतात. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत त्यासाठी हॅण्डब्रेक ओढून पुढची चाकं फिरवतात. मागच्या ड्रमचे लायनर आणि हॅण्डब्रेकची केबल यात भाजून निघतात. रस्त्याच्या टायरवर लांबलचक बर्नआउटने काही मिळत नाही. पाण्याच्या पट्टीतून बाहेर आल्यावर टायर पुसण्यापुरता दोन सेकंद फिरवला की पुरे.

लाइनलॉक नावाचं एक उपकरण मिळतं. बटण दाबलं की ते ठरावीक चाकांच्या ब्रेकमध्ये दाब कोंडून ठेवतं. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत, जिथे पुढच्या ब्रेकची लाइन वेगळी असते, तिथे ते नीट बसतं. तिरक्या लाइनच्या आणि एबीएसच्या हॅचबॅकमध्ये ते घुसवणं म्हणजे ब्रेकच्या लाइनमध्ये नको तेवढे जोड वाढवणं. बसवलंच तर ते उभ्या गाडीचा हॅण्डब्रेक म्हणून कधी वापरू नका, कारण वीज गेली की दाबही गेला.

रेसच्या दिवशी

फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेने होणाऱ्या कार्यक्रमाला लायसन्स लागतं आणि गाडीची तपासणी होते. तपासनीस गाडीखाली डोकावून तुमच्याशी दोन शब्द कडक बोलले तर ऐकून घ्या. त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त गाड्या थांबताना पाहिलेल्या असतात.

तपासणी झाली तरी स्वतः पुन्हा बघा. चाकांचे नट टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्यावर. टाकीतल्या ऑइलची पातळी. इंजिन चालू ठेवून पेडलची उंची. मग शक्य असेल तर थांबायचा भाग चालत बघून या. कुठे खड्डा आहे, कुठे उंचवटा, बाहेर पडायचा रस्ता कोणत्या बाजूला. एक खूण मनात पक्की करा, एखादा कोन किंवा बोर्ड, जिथे ब्रेक लागलेलाच असला पाहिजे.

पहिला रन पूर्ण ताकदीने घेऊ नका. तो ब्रेकसाठी घ्या. तीनशे मीटरवर ॲक्सिलरेटर सोडा आणि पेडल कसं लागतंय ते बघा.

रेघ ओलांडली की ॲक्सिलरेटर सोडा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी सरळ, आणि मग ब्रेक. आधी ठाम दाबा, नाक खाली बसलं की जोर वाढवा. एबीएस असेल तर पेडल थडथडेल, पाय उचलू नका. क्लच लगेच दाबू नका, इंजिनही गाडीला मागे ओढत असतं. चावी फिरवू नका, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. शेजारच्या पट्टीतली गाडी कुठे आहे हे दिसल्याशिवाय वळायचं नाही.

पेडल खाली गेलं तर भराभर पंप करा. एकेक गिअर खाली आणा. बटण दाबून ठेवून हॅण्डब्रेक थोडा थोडा ओढा, एकदम नाही. आपली पट्टी सोडू नका. घरी बसून हे तोंडपाठ करा, उभ्या गाडीत हात-पाय फिरवून बघा. तो क्षण आला की विचार करायला वेळ मिळत नाही.

दोन रनच्या मध्ये, आणि घाट उतरताना

थांबल्यावर पेडल दाबून उभं राहायचं नाही. परतीच्या रस्त्याने हळू गाडी चालवत या. पिटमध्ये सपाटीवर, गिअरमध्ये, चाकांना अडण लावून उभी करा. डिस्कवर पाणी मारू नका, तापलेलं लोखंड तडकतं. जत्थ्यात कोणाकडे तरी तापमान मोजायची गन असतेच. डिस्क १०० अंशांखाली आल्याशिवाय पुढच्या रांगेत मी लागत नाही. मित्र हाका मारतात, तरीही.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट खास आहे. ॲम्बी व्हॅलीसारख्या लोणावळ्याच्या बाजूच्या धावपट्टीवर पळून झालं की त्याच गाडीने, त्याच ब्रेकवर बोरघाट उतरायचा असतो. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. १,२०० किलोच्या गाडीसाठी ती साधारण ६५ लाख ज्यूल ऊर्जा झाली, म्हणजे १८० वरून चारपेक्षा जास्त वेळा पूर्ण थांबण्याएवढी. दिवसभर भाजलेल्या पॅडवर आणि ऑइलवर हे सगळं टाकायचं नसतं.

म्हणून निघण्याआधी तास-दीड तास गाडी थंड होऊ द्या. एकदा चाकांतून टॉर्च मारून पॅड बघा. पेडल सकाळपेक्षा मऊ वाटत असेल तर तिथेच मिस्त्रीकडून हवा काढून घ्या, नाहीतर गाडी टोईंगने आणा. घाटात वेग सुरुवातीपासूनच कमी, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनवर गाडी धरून. ब्रेक लावायचा तेव्हा नीट लावा आणि सोडून द्या, पाय पेडलवर टेकवून ठेवू नका. जळका वास आला तर जिथे सुरक्षित जागा असेल तिथे थांबा. आणि खोपोलीला चहाला उतरलात तर गाडी सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हॅण्डब्रेक ओढू नका.